तीन महिने कुठून मोजायचे?

वहिनींचा फोन आला तेव्हा मी रिसोडच्या बाजारात तुरीच्या ढिगापाशी उभा होतो. भाव पुकारणाऱ्यांचा नुसता गलका चाललेला. एका कानात बोट घातलं, दुसऱ्याला फोन लावला. "भाऊजी, आमचे हे गेले... सकाळी थांब्यावरच," एवढंच त्या म्हणाल्या. मालेगावच्या गाडीची वाट पाहत देविदास किन्हीराजाच्या थांब्यावर बसला होता. गाडी आली, लोक चढले, आणि हा उठलाच नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं, त्याची चीड मला आज दोन महिन्यांनंतरही येते. मी म्हणालो, "अहो पण वहिनी, तीन महिने होते ना अजून!" मग त्या म्हणाल्या, "कोनते तीन महिने, भाऊजी?" आणि फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देविदास म्हणजे किन्हीराजाच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, मालेगावच्या एका शाळेत गणिताचा मास्तर आणि माझा मित्र. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. त्याच्या हृदयाची एक झडप आखडली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घ्या, त्यापुढे भरवसा नाही. हे सांगितलं पोळ्यानंतरच्या आठवड्यात. देविदास गेला जानेवारीच्या शेवटी. बोटांवर मोजता येतं त्याने मोजून पाहावं. मी मोजलं नाही, आणि म्हणून हा लेख मी डोळे पुसत लिहीत नाहीये. मी चिडलोय. त्याच्यावर, माझ्यावर आणि "सर किती शांतपणे गेले" असं म्हणणाऱ्या प्रत्येक माणसावर.

शाळेने शोकसभा घेतली. बाहेर फ्लेक्स लावला होता. त्यावर देविदासचा ओळखपत्रावर असतो तसा दचकलेला फोटो आणि मागे बुद्धिबळाचा पट. पट चुकीचा. खेळणाऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, तिथे काळं. देविदासने हे पाहिलं असतं तर स्वतःच्या शोकसभेतून उठून त्याने तो फ्लेक्स उतरवला असता. भाषणं झाली. एक जण म्हणाला, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. दुसरा म्हणाला, वेळ आली की कुणाच्या हातात काही नसतं. मी मागच्या बाकावर बसून दात आवळत होतो. अरे, वेळ आली नव्हती, वेळ टळून गेली होती! आणि ती टळेपर्यंत सगळं आपल्या हातात होतं. अकोल्याला दिवसभर गाड्या जातात, त्यातल्या एकीत याला बसवायचं, एवढंच काम होतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलो आणि एवढंच म्हणालो की बाहेरचा तो पट उलटा आहे, आधी तो काढा. लोकांना वाटलं, दुःखाने याचं डोकं फिरलं. फिरलंच होतं.

आमची ओळख बस स्थानकावरची. मी तेव्हा मालेगावला कंट्रोलर होतो. गाड्यांच्या वेळा लिहायच्या, चालक-वाहकांच्या सह्या घ्यायच्या आणि भोंग्यावरून ओरडायचं, हे माझं काम. देविदासची शाळा सुटायची पाचला आणि त्याची गाडी होती साडेपाचची. मधला अर्धा तास तो माझ्या केबिनच्या खिडकीबाहेर बाकावर घडीचा पट उघडून एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत बसायचा. एकदा मला राहवलं नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हटलं, "गुरुजी, तुमचा उंट मरून राह्यला." त्याने वर पाहिलंही नाही. "मरू दे. तू या बाजूनं खेळ," म्हणाला. ओळख ना पाळख, पहिल्याच वाक्यात अरे-तुरे. मग रोजच खिडकीतून खेळ सुरू झाला. मी हात बाहेर काढून मोहरा सरकवायचो आणि आत वळून रजिस्टरवर शिक्का मारायचो. किती वर्षं हरलो ते मोजलेलं नाही. मला तो शेवटपर्यंत "कंट्रोलर" म्हणायचा, माझं नाव त्याने कधी घेतलंच नाही. वहिनींना तर लग्नाच्या पत्रिकेवर पाहूनच माझं नाव कळलं, तेही माझ्या मुलीच्या.

पुढे त्याला संगणकाचं वेड लागलं आणि त्याने ठरवलं की आपण स्वतः बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायचा. कुणाकडे शिकला नाही, विचारायला कुणी नव्हतंच. घरामागे सिमेंटच्या विटांची एक खोली होती. तिच्या निम्म्या भागात सोयाबीनच्या बियाण्याची पोती आणि फवारणीचा पंप, निम्म्या भागात टेबल आणि संगणक. प्रोग्रामचं नाव ठेवलं हरण्या, त्याच्या वडिलांच्या बैलाचं. मी निवृत्त होऊन रिसोडला घरी आलो तेव्हापासून माझा रविवार किन्हीराजाला ठरलेला. सकाळी गाडीने मालेगाव, तिथून पुढची गाडी, अकराला वहिनींच्या हातचा चहा, आणि मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्या खोलीत हरण्याच्या चुका काढणं. मला प्रोग्राममधलं एक अक्षर कळत नसे. माझं काम हरण्याशी खेळून हरायचं आणि देविदास बोलेल ते ऐकायचं. देविदासला समोर कुणीतरी वर्गासारखं बसलेलं लागायचं, त्याशिवाय त्याचं डोकं चालत नसे.

त्यातली एक चूक मला इथे सांगायलाच हवी, कारण सगळा राग तिच्यापाशी येऊन थांबतो. संगणक पुढच्या चाली करून बघतो, ही केली तर ती, ती केली तर ही. असं बघताना तीच तीच मांडणी वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा समोर येते. दर वेळी नव्याने विचार करायला नको म्हणून तो प्रत्येक मांडणीपुढे तिची किंमत टिपून ठेवतो. देविदास त्या साठ्याला वही म्हणायचा. एरवीच्या किमती साध्या असतात, प्याद्याचे शंभर, घोड्याचे तीनशे वगैरे. पण मात दिसली तर किंमत जवळपास तीस हजार, आणि मात जितक्या चाली दूर तितके आकडे कमी, म्हणजे जवळची मात सोडून तो लांबची धरत बसणार नाही. इथवर सगळं ठीक होतं. पण कोरोनाच्या आधीच्या उन्हाळ्यात हरण्याने उच्छाद मांडला. समोरच्याकडे एकटा राजा, हरण्याकडे राजा आणि हत्ती. पोरसुद्धा जिंकेल असा डाव. पडद्यावर हरण्या सांगायचा, तीन चालींत मात. हत्ती डावीकडे. पुन्हा सांगायचा, तीन चालींत मात. हत्ती उजवीकडे. तीन चालींत मात... हत्ती डावीकडे. शेवटी तीच मांडणी तिसऱ्यांदा आली आणि जिंकलेला डाव बरोबरीत. दीड महिना देविदास त्या एका चुकीने पिसाळला होता. वहिनी म्हणायच्या, जेवताना ताटात बोटानं रेघा ओढतेत.

मी चिडवायचो. "तुह्या हरण्याले गोठा दिसते, पण आत जायाचं नावच घेत नाही." तो म्हणायचा, "चूप बस बे." एका रविवारी मी सहज म्हणालो, "मी तरी काय येगळा होतो लेका? कारंज्याहून फोन येत जाय, गाडी निंगाली, पाऊन तासात येते. मंग खिडकीवर कोनी आलं की मी सांगो, पाऊन तास. अर्ध्या तासानं आला त्यालेही पाऊन तास."

"काहून?"

"कागदावर तेच लिहेल असे ना."

देविदास माझ्याकडे पाहत राहिला. "कंट्रोलर, तो पाऊन तास तू कुठून मोजत होता?"

"फोन आला तिथून."

"अन् सांगत कवा होता?"

"तो मानूस खिडकीवर आला तवा."

तो खुर्चीवरून उठला, पोत्यांपर्यंत चालत गेला, परत आला आणि टेबलावर थाप मारून म्हणाला, "मी येडा हावो. हे पाह्य. रस्त्यावर मैलाचा दगड असते, किन्हीराजा तीन. तो तीन कुठून? त्या दगडापासून. तू रिसोडहून आला का कारंज्याहून, दगडाले काही घेनं-देनं नाही. अन् मी काय करून राह्यलो? मी दगडावर माह्या घरापासूनचा आकडा लिहून राह्यलो." हरण्या मातेचं अंतर मोजायचा ते ज्या मांडणीवरून त्याने विचार सुरू केला तिथून, आणि तोच आकडा वहीत टिपायचा. पुढे त्याच मांडणीवर दुसऱ्या वाटेने आला की तो जुना आकडा जसाच्या तसा खरा मानायचा. इलाज फक्त एका बेरजेचा आणि एका वजाबाकीचा निघाला. वहीत लिहिताना अंतर त्या मांडणीपासून लिहायचं. वाचताना आपण किती चाली चालून तिथे पोचलो ते हिशेबात धरायचं. पहिल्यांदा त्याने घाईत दोन्ही चिन्हं उलटी घातली, तर हरण्या मात दिसली की पळूनच जायला लागला. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा बरोबर बसलं आणि हत्ती सरळ शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मात. देविदासने वहिनींना हाक मारली. पिठाचे हात घेऊन त्या आल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे पाहाले मले भाकर टाकून बलावलं?"

पुढे कितीतरी दिवस तो शाळेतल्या पोरांना सांगायचा की कोणताही आकडा वाचला की आधी विचारा, हा कुठून मोजलाय. पोरं कंटाळली असतील. मीही कंटाळलो होतो. आम्हा दोघांइतकी ती चूक या अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला पाठ नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मागच्या पावसाळ्यात फवारणी करताना त्याला धाप लागायला लागली. पंप पाठीवर घेऊन पिकाच्या दोन ओळी फिरला की शेताच्या धुऱ्यावर बसून राहायचा. वहिनींनी हट्ट धरला म्हणून अकोल्याला दाखवलं. मी सोबत होतो. डॉक्टर तीन महिने म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून देविदास म्हणाला, "बाबाले नागपूरले नेलं होतं ऑपरेशनले. पायानं चालत गेले होते." त्याच्या वडिलांना नागपूरहून आणलं ते आडवं, हे मला माहीत होतं. मी त्यावर बोलायला हवं होतं. मी विषय बदलला. म्हटलं, तीन महिने म्हणजे भरपूर वेळ आहे, सोयाबीन निघू दे. हे मी म्हणालो. तो नाही म्हणाला.

मग सोयाबीन निघालं. मग सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मग दिवाळी. वहिनी चहाचा कप देताना हळूच म्हणायच्या, "भाऊजी, तुमी सांगा ना ह्यायले. तुमचं आयकतेत." आणि मी शहाणा त्यांना सांगायचो, "सांगतो ना वहिनी, पन घाई नका करू, तीन महिने हायेत हातात." दसऱ्याला सांगितलं, तीन महिने. दिवाळीत सांगितलं, तीन महिने. ज्या माणसाने आयुष्यभर पाऊण तास पाऊण तास करून लोकांना उन्हात उभं केलं, तो आता तेच मित्राच्या बायकोला सांगत होता.

माझ्यापाशी पुरावाही होता. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तो जवळच्या एका डॉक्टरांकडे जायचा. अकोल्याहून आल्यावर त्यांनी आपल्या कागदावर एक ओळ लिहून ठेवली होती, "ऑपरेशन, तीन महिन्यांत." गोळ्या संपल्या की नवा कागद. ऑक्टोबरात नवा कागद झाला तेव्हा वर नवी तारीख पडली आणि खालची ओळ जुन्या कागदावरून जशीच्या तशी उतरवली गेली. दिवाळीनंतरच्या रविवारी वहिनींनी तो माझ्या हातात दिला. मी तारीख पाहिली, ऑक्टोबरची. ओळ पाहिली, तीन महिने. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! देविदास समोर बसला होता. मी विचारलं, "किती टाइम हाय रे आता?" त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, जरा वर पाहिलं आणि म्हणाला, "कागदावर तीनच हाय ना." मी कागद घडी करून वहिनींना परत दिला. जानेवारीच्या सुरुवातीला आणखी एक कागद झाला. त्यावरही तीच ओळ.

डिसेंबरात तर मीच कळस केला. हौशी लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रामांची एक स्पर्धा इंटरनेटवर होती, महिन्याच्या शेवटच्या रविवारी. देविदास म्हणाला, "जाऊन येऊ का अकोल्याले त्याच्या आधी?" प्रश्न म्हणून विचारलं त्याने, मला. आणि मी म्हणालो, "स्पर्धा होऊ दे बावा, हरण्या एवढा तयार झाला, आता कुठं जातं." हे वाक्य मी रोज ऐकतो. दाढी करताना ऐकतो, गाडीत बसल्यावर ऐकतो. हरण्या त्या दिवशी चांगला खेळला. एका डावात त्याने सहा चालींची मात पाहिली आणि बरोबर सहा चालींत दिली. देविदासने टाळी वाजवली आणि मग छातीवर हात ठेवून खुर्चीला मागे टेकला. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही, खुशी झाली." मी तेही खरं मानलं.

तो गेल्यावर पहिले चार आठवडे माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आम्ही दोघांनी हरण्याचीच चूक केली. जुन्या जागेवरून मोजलेला आकडा कागदावर लिहून ठेवला आणि दर वेळी तो ताजा समजून वाचला. मात समोर असताना हत्ती डावी-उजवीकडे सरकवत बसलो. डॉक्टर चुकले, मी चुकलो. पण देविदास? ज्याने ही चूक दीड महिना डोकं आपटून शोधली, तो स्वतःच्या कागदावर ती कशी बघू शकला नाही? मला त्याची कीव यायची आणि कीव आली की स्वतःचा राग जरा कमी व्हायचा. इतका हुशार माणूस आणि शेवटी आपल्यासारखाच निघाला, असं म्हणून मी झोपू शकायचो.

तेराव्याला गेलो तेव्हा मी त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. चार आठवड्यांनी एका रविवारी वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, "तो संगनक तसाच पडेल हाय. तुमी पाहा अन् काय करायचं ते सांगा." त्यांनी कुलूप काढलं. खोलीत तुरीचा वास होता. टेबलाच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून माझी प्लास्टिकची खुर्ची तशीच होती. संगणक सुरू करायचा म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा देविदासच्या खुर्चीत बसलो. बटन दाबलं आणि तो चालू होईपर्यंत समोर, माझ्या रिकाम्या खुर्चीच्या वर पाहिलं. तिथे भिंतीवर कॅलेंडर होतं. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यामागे होतं, मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. जानेवारीचं पान तसंच राहिलेलं. त्यातल्या चार रविवारच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे लिहिले होते. उणे सहा, उणे सात, उणे आठ, उणे नऊ.

आधी वाटलं, हरण्याचं काहीतरी असेल. मग मी उठून ते कॅलेंडर उचललं. आपल्याकडे नवं कॅलेंडर जुन्यावरच अडकवतात, खिळा एकच असतो. खाली मागच्या वर्षाचं होतं. मी पानं मागे उलटत गेलो. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, हरण्याच्या स्पर्धेच्या दिवशी, उणे पाच. नोव्हेंबरात एका चौकोनात शून्य, त्याला गोल केलेला. दिवाळीनंतरच्या रविवारी चार. ज्या रविवारी तो मला "कागदावर तीनच हाय" म्हणाला, त्याच्या आधी वर पाहून म्हणाला, त्या रविवारी भिंतीवर चार लिहिलेलं होतं. चार आठवडे. आणखी मागे गेलो. अकोल्याहून आल्यानंतरचा पहिला रविवार, बारा.

दारात उभ्या वहिनी म्हणाल्या, "मले वाटे, ते तुमच्या त्या खेळाचे आकडे हायेत."

मी त्यांना सांगितलं. एकेक पान दाखवून सांगितलं. त्या बियाण्याच्या पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "म्हंजे ह्यायले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

त्याच्या हिशेबात एकाही आठवड्याची चूक नव्हती. दर रविवारी, मी यायच्या आधी, तो पेन्सिल घेऊन उठायचा, एक वजा करायचा, आणि मग माझ्या समोर बसून मला जुना आकडा द्यायचा. मी आणि वहिनी तो घेऊन खूश. भीती वाटत होती तर बोलायचं होतं ना लेका! गाडीत वडिलांचं बोललास तेव्हा मी मूर्खासारखा विषय बदलला, मान्य. मग दुसऱ्यांदा बोलायचं होतं, दहाव्यांदा बोलायचं होतं. माझी कॉलर धरायची होती. मी तुझ्यासोबत अकोल्याला आलो असतो, ऑपरेशनच्या दारापर्यंत आलो असतो, बाहेर बाकावर पट मांडून बसलो असतो. मला विचारलंस, जाऊन येऊ का. असं विचारतात का? भिंतीवर उणे लिहिणारा माणूस परवानगी मागतो का? आणि मी... माझ्या डोक्याच्या वर एक वीत अंतरावर खरा आकडा लिहिलेला असताना मला पाठ फिरवून बसायचीच जागा का सापडावी? तू मला तिथे बसवलं होतंस की मी आपण होऊन बसलो होतो, हे आता मला आठवतही नाही, आणि विचारायला तू नाहीस.

हे सगळं मी त्या खोलीत मोठ्याने बोललो. शिव्याही दिल्या, वहिनींसमोर. आयुष्यात कधी त्यांच्यासमोर तोंडातून वेडंवाकडं अक्षर काढलं नव्हतं. त्यांनी चहा करून आणला, मी घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. संगणकाचं काय करायचं ते सांगायचं राहूनच गेलं.

अजून दर रविवारी जातो. मालेगाव, पुढची गाडी, अकरा वाजता चहा. वहिनी कुलूप काढतात. मी माझी खुर्ची भिंतीपासून ओढून काढतो, फिरवून त्या कॅलेंडरकडे तोंड करून बसतो आणि देविदासशी भांडतो. सुरुवातीला वहिनी दार लोटून घ्यायच्या. परवाच्या रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, माझ्या बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "सरका थोडे, भाऊजी. आता मलेही बोलाचं हाय."